हिरड्यांचे आजार आणि झाडपाल्याचे अर्क: दाताच्या खुर्चीत बसून विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणारा माणूस बऱ्याचदा तोंडाच्या आधी पिशवी उघडतो. त्यातून कधी लाल मंजनाची डबी निघते, कधी लवंगेच्या तेलाची बाटली, कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाभळीची साल. "डॉक्टर, हे चालू ठेवू का?" मी दातांचा डॉक्टर आहे, वैद्य नव्हे. पण ज्या घरात सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने चुळा भरल्या जायच्या त्या घरात वाढलो, त्यामुळे झाडपाला म्हटलं की नाक मुरडायची सवय मला नाही. प्रश्न लोक ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने ठेवले आहेत, म्हणजे जरा उलटसुलट.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. आयुर्वेदिक पेस्ट घेतली तर थांबेल का?

थांबेलही, आणि गोची तिथेच आहे. बाभळीची साल, हिरडा, कात या तुरट चिजांमध्ये टॅनिन असतं. ते हिरडीच्या वरच्या थरातली प्रथिनं आवळून धरतं. कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आवळतं ना, तसंच. सुजलेली हिरडी थोडी आक्रसते, रक्त कमी होतं आणि माणूस खूश होतो. पण रक्त ज्यामुळे येत होतं ते कीटण, म्हणजे दातावर साचून कडक झालेला थर, दाताच्या मानेला चिकटलेलंच राहतं. दोन-तीन वर्षांनी तोच माणूस येतो तेव्हा दात हलत असतो आणि तक्रार असते, "मधे तर एकदम बरं होतं हो."

म्हणून पेस्ट बदलण्याच्या आधी रक्त कशामुळे येतंय ते बघून घ्या. बहुतेकांच्या बाबतीत कीटण असतं. क्वचित दुसरंही काही असतं: रक्त पातळ करणारी गोळी, क जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, रक्ताचा एखादा आजार.

हा आजार होतो तरी कसा? मी तर रोज दोनदा दात घासतो.

दातावर जिवाणूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. जिभेने दात चाचपले की बुळबुळीत लागतो तो हाच. तो रोज काढला गेला नाही तर हिरडीच्या कडेला दाह सुरू होतो. हे फार नेटकेपणाने दाखवून दिलं ते १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला. हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध कसलंच दिलेलं नव्हतं.

थर तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे तो दगडासारखा कडक होतो. ते कीटण. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर नवा थर आणखी पटकन बसतो. मग हिरडी दातापासून सुटायला लागते आणि मधे खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही खाच ३ मिलिमीटरपर्यंत असते. आजारात ती ५, ६, ७ मिलिमीटर होते आणि खालचं हाड झिजत जातं. यालाच लोक पायोरिया म्हणतात. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ण बरी होते. गेलेलं हाड मात्र ना काढ्याने परत येतं, ना माझ्या स्केलिंगने, म्हणजे कीटण खरवडून काढण्याने. काही निवडक ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडंफार भरून आणता येतं, एवढंच.

रोज दोनदा घासूनही हे होतं, कारण ब्रश दाताच्या पोटावर फिरतो, हिरडीच्या कडेशी आणि दोन दातांच्या फटीत पोचतच नाही. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका, साधारण ४५ अंशांत धरून हलकेच हलवायचा असतो. जोर भांडी घासताना लावा.

मग अर्क तिथे करतो काय?

तीन कामं करतो, आणि ती खोटी नाहीत. काही द्रव्यं जिवाणू मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. लवंगेतलं युजेनॉल आणि ओव्यातलं थायमॉल जिवाणूंची बाहेरची आवरणं फोडतात. काही द्रव्यं जिवाणूंना दाताला चिकटू देत नाहीत. टॅनिन आणि ग्रीन टीमधली कॅटेचिन या गटातली. तिसरी आपल्या शरीराचा दाह शमवतात. हळदीतल्या कर्क्युमिनची ख्याती यासाठीच आहे. हिरडीच्या आजारात हाड खाल्लं जातं ते बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे, त्यामुळे हे तिसरं काम बिनमहत्त्वाचं नाही.

अडचण पोचण्याची आहे. प्रयोगशाळेच्या काचेच्या थाळीत जिवाणू मोकळे असतात. त्यांच्यावर कुठल्याही मसाल्याचा अर्क टाका, बरेच मरतात. तोंडात ते चिकट थराच्या आत एकमेकांना धरून दडलेले असतात. वरून लाळ सतत वाहत असते, अर्क काही मिनिटांत पातळ होऊन गिळला जातो. आणि चूळ खोल खिशात शिरत नाही. ६ मिलिमीटरच्या खिशाच्या तळाशी जे चाललंय, त्याला वरच्या काढ्याची खबरही लागत नाही. यासाठीच हळदीचा जेल वगैरे प्रकार डॉक्टर स्केलिंगनंतर बारीक नळीने थेट खिशात भरून बघतात. 'कडुलिंबामुळे ९९ टक्के जंतू नष्ट' असं लिहिलेलं दिसलं, तर ते कुठे नष्ट झाले, थाळीत की तोंडात, एवढं विचारावं.

सगळ्यात भक्कम पुरावा कुठल्या वनस्पतीचा आहे?

उत्तर ऐकून लोकांचा थोडा हिरमोड होतो, कारण ते आजीच्या बटव्यातून येत नाही. अमेरिकेत १८७९ साली बनलेल्या लिस्टरीन या माउथवॉशमध्ये चार द्रव्यं आहेत: थायमॉल, मेंथॉल, नीलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि मिथिल सॅलिसिलेट, म्हणजे दुखऱ्या पाठीला लावायच्या बामाचा तो ओळखीचा वास. चौघांचंही मूळ वनस्पतीत आहे, आता ती कारखान्यातही बनतात. सहा-सहा महिन्यांच्या, नीट आखलेल्या चाचण्यांमध्ये ब्रशच्या जोडीने वापरल्यावर या मिश्रणाने थर आणि हिरडीची सूज कमी केल्याचं दिसलंय. आणि बटवा अगदीच रिकामा नाही: आपल्याकडे पोटदुखीवर 'ओव्याचं फूल' म्हणून जे स्फटिक विकतात, ते हेच थायमॉल.

त्याखालोखाल त्रिफळा, ग्रीन टी, कोरफड, हळद, कडुलिंब आणि मिस्वाक, म्हणजे पीलूच्या झाडाचं दातवण. यांच्यावर भारतात आणि इराण, सौदी अरेबियात बरंच काम झालंय. काही अभ्यासांत त्रिफळ्याची चूळ क्लोरहेक्सिडिनच्या, म्हणजे आम्ही लिहून देतो त्या जंतुनाशक माउथवॉशच्या, जवळपास पोचलेली दिसते. पण यातले बरेचसे अभ्यास छोटे, काही आठवड्यांचे, आणि बहुधा साध्या सुजेवर झालेले आहेत. हलणाऱ्या दाताला एखाद्या काढ्याने घट्ट केलं, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही.

पण आयुर्वेदात तर हिरड्यांवर कितीतरी उपचार सांगितलेत.

सांगितलेत, आणि लोक समजतात त्यापेक्षा फार काटेकोर सांगितलेत. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग मोजले आहेत. त्यातल्या शीताद नावाच्या रोगात हिरड्या मऊ पडून अचानक रक्त येतं, दंतवेष्ट नावाच्या रोगात पू येऊन दात हलतात. ही वर्णनं वाचताना मला रोजची ओपीडी दिसते.

आता उपचार बघा. शीतादात आधी दूषित रक्त काढायचं आणि मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याचे गंडूष, म्हणजे काढा तोंडात भरून धरणं. दातावरच्या कीटणाला तिथे 'दंतशर्करा' म्हटलंय. तिच्यासाठी सांगितलेली कृती अशी: दाताच्या मुळांना इजा न करता शर्करा उपटून काढावी आणि त्यानंतर लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं. शस्त्रांच्या यादीत त्यासाठी दंतशंकू नावाचं हत्यारही आहे. म्हणजे हत्यार आधी, औषधी नंतर. रोगी जेव्हा मला सांगतो की "मला स्केलिंग नको, मी आयुर्वेदिकच करणार", तेव्हा मी त्याला म्हणतो की सुश्रुतानेही तुम्हाला आधी खरवडलंच असतं, आणि भूल न देता.

कडुलिंबाची काडी ब्रशपेक्षा चांगली का?

काडी नीट वापरली तर वाईट नाही. सुश्रुताने दातवण १२ अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, ताजं आणि बिनगाठीचं असावं असं म्हटलंय. कडू झाडांत कडुलिंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि गोडांत मोह. शिवाय हिरडीला इजा होऊ देऊ नये, हेही आवर्जून लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही जिथे मिस्वाकची रीत आहे तिथे ती वापरायला १९८६ साली पाठिंबा दिला.

खरा फायदा चावण्यात आणि घासण्यात आहे, अर्क वरकड. पुढच्या दातांना काडी छान पोचते. दाढांच्या आतल्या बाजूला जवळजवळ पोचतच नाही आणि कीटण साचतं ते बरोबर तिथे. वर्षानुवर्षं काडी आडवी घासणाऱ्यांचे दात मानेपाशी कापल्यासारखे खाचलेले दिसतात, हिरडी वर सरकलेली असते. काडी सोडवत नसेल तर सकाळी काडी आणि रात्री ब्रश, असा समेट मी बऱ्याच जणांशी केलाय. रस्त्याकडेच्या, धुरळा आणि फवारणी झेललेल्या झाडाची फांदी तेवढी टाळा.

हळद, मीठ आणि तेल एकत्र करून हिरड्या चोळल्या तर?

बोटाने, हलक्या हाताने, आठवड्यातून एक-दोनदा; हरकत नाही. मीठ अगदी बारीक असू द्या, खडेमीठ कुटून घासू नका. हळद दातांच्या फटींवर आणि सिमेंटच्या भरणीवर पिवळी छटा सोडते, ती काढायला लोक नंतर माझ्याकडेच येतात. एक खुलासा: हळदीवरचे अभ्यास ठरलेल्या प्रमाणाच्या अर्कावर किंवा जेलवर झालेले आहेत. स्वयंपाकघरातल्या हळदीत कर्क्युमिन थोडंच असतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. राख, विटेचा चुरा, कोळसा मात्र नको. ते दात घासत नाहीत, झिजवतात.

त्रिफळ्याची चूळ घरी कशी करायची?

एक चमचा त्रिफळ्याची भरड दोन कप पाण्यात घालून निम्मं होईपर्यंत उकळा, फडक्यातून गाळा, कोमट झालं की तोंडात अर्धा-एक मिनिट खुळखुळवून थुंका. दिवसातून दोनदा पुरे. रोज ताजं करा, कालचं आज वापरू नका. आवळ्यामुळे हे पाणी आंबट असतं, म्हणून चुळीनंतर साध्या पाण्याने तोंड धुवा आणि लगेच ब्रश करू नका. महिन्याभरात दातांवर तपकिरी डाग दिसले तर घाबरायचं कारण नाही, टॅनिनचे असतात.

एवढा खटाटोप जमत नसेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. हिरडी दुखत असताना तेही चांगला आराम देतं.

लवंगेचं तेल हिरडीला लावू का?

थेट नको. युजेनॉल बधिर करतं हे खरं. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून आम्हीही ते दातात भरतो, दवाखान्याचा तो वास त्याचाच. पण कापसाचा बोळा तेलात भिजवून रात्रभर हिरडीशी दाबून ठेवला की सकाळी तिथली कातडी पांढरी होऊन सोलली गेलेली असते. रात्री-अपरात्री ठणका लागला तर एक अख्खी लवंग दाढेखाली धरा, आणि सकाळी या. लहान मुलांच्या हाती ती बाटली लागू देऊ नका. थोडं तेल पोटात गेलं तरी यकृताला धोका असतो.

तिळाच्या तेलाच्या गुळण्यांनी पायोरिया बरा होतो म्हणतात.

थर थोडा कमी होतो, तोंड मऊ वाटतं, वास कमी येतो. पायोरिया बरा होत नाही. आवडत असेल तर करा, पण ब्रशच्या बदल्यात नको. गिळायचं नाही, नाकाने श्वास घेत सावकाश करायचं. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होतो. म्हाताऱ्या, ठसका लागणाऱ्या माणसांनी याच्या फंदात पडू नये.

मी कित्येक वर्षं मिश्री लावते. दात घट्ट आहेत, रक्तही येत नाही.

ताई, मावशी, आजी, हे जरा नीट वाचा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखू हीसुद्धा वनस्पतीच, म्हणून या पानावर तिचा समावेश. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आजार असूनही रक्त येत नाही. इशारा देणारी घंटाच काढून ठेवल्यासारखं आहे ते. खाली हाड झिजत असतं, आणि मिश्री जिथे दाबून धरता तिथे हिरडी सरकते, पांढरा चट्टा उठतो, पुढे कॅन्सरची भीती. केंद्र सरकारने दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी केली. पण घरी तव्यावर भाजली जाणारी मिश्री कुठल्या कायद्याच्या तावडीत सापडणार? एकदम सुटत नसेल तर सांगा, रागावणार नाही. सुटण्यासाठी मदत मिळते. आणि सोडल्यावर थोडे दिवस हिरड्यांतून रक्त जास्त आलं तर "मिश्री सोडली म्हणून बिघडलं" असं समजून परत सुरू करू नका.

नैसर्गिक आहे, मग दुष्परिणाम कसला?

यावर एक अमेरिकेतली गोष्ट आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलात ब्लडरूट नावाची वनस्पती होते, मूळ कापलं की रक्तासारखा रस येतो. त्यातलं सँग्विनेरिन जिवाणूंचा थर रोखतं, म्हणून १९८० च्या दशकात व्हायाडेंट नावाच्या पेस्टमध्ये आणि माउथवॉशमध्ये ते घातलं गेलं. अनेक वर्षं चांगलं चाललं. मग वापरणाऱ्यांच्या वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वरच्या घडीत पांढरे चट्टे दिसायला लागले. असे चट्टे कधी कधी कॅन्सरच्या वाटेने जातात. २००१ च्या सुमारास त्या उत्पादनातून सँग्विनेरिन काढून टाकलं गेलं.

हे द्रव्य आपल्यालाही परकं नाही. माळावर, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा काटेरी धोत्रा उगवतो, त्याच्या बियांमध्ये सँग्विनेरिन असतं. मोहरीच्या तेलात त्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली होती.

रोजच्या वापरातली उदाहरणं याहून सौम्य आहेत. दालचिनीच्या स्वादाने काहींचं तोंड सोलतं. कडुलिंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. टी ट्री तेल गिळायचं नसतं. आणि कात तुरट म्हणून पान खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्यातली सुपारी कॅन्सरकारक आहे. तिनेच तोंड उघडेनासं होतं.

क्लोरहेक्सिडिनऐवजी हर्बल माउथवॉश चालेल का?

शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरडी फार बिघडलेली असताना क्लोरहेक्सिडिनच घ्या. थर रोखण्यात त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. पण ते साधारण दोन आठवड्यांचं औषध आहे. पुढे दात काळपट होतात आणि चव जाते. लोक सहा-सहा महिने बाटल्या आणत राहतात, ते बरोबर नाही. लांब पल्ल्यासाठी चूळ हवीच असेल, तर तिथे वनस्पतीजन्य माउथवॉशला जागा आहे. तोंड कोरडं पडत असेल तर बिनअल्कोहोलचं बघा.

स्केलिंग केलं की दात ढिले होतात, खरं का?

कीटण दोन दातांना सिमेंटसारखं धरून असतं आणि सुजेने फटी झाकलेल्या असतात. कीटण निघालं, सूज उतरली की मूळची फट उघडी पडते आणि दात मुळातच किती हलत होता ते कळतं. काही दिवस गार पाणी लागतं, ते कमी होतं. स्केलिंगचं यंत्र कंपनांनी कीटण फोडतं, दात कापत नाही. चुळीला खरा अर्थ येतो तो याच्यानंतर, कारण आता ती दगडाऐवजी हिरडीपर्यंत पोचते.

मला मधुमेह आहे.

मग काढ्यांवर महिने घालवू नका. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. हिरड्यांचा व्यवस्थित उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, साधारण ०.४ ने खाली येतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलंय. आणि मध घातलेली मंजनं रात्री लावून झोपू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. चूळ चालेल?

चूळ चालेल. हळदीच्या, लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल पोटात घेत असाल तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आणि दाताच्या खुर्चीत बसल्याबरोबर मलाही. गोळ्या स्वतःहून बंद करून मात्र येऊ नका. ब्लड प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल आणि हिरड्या दातांवर वाढत असतील, तर तेही सांगा. ती वाढ गोळीमुळे असू शकते, तिथे कुठल्याच पाल्याचं काही चालणार नाही.

गरोदरपणी?

संप्रेरकांमुळे हिरड्या जास्त सुजतात. मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या चुळा, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात बिनघोर स्केलिंग. अर्कांच्या कॅप्सूल आणि तेलं या काळात नकोत.

पेस्ट घेताना काय वाचू?

समोरचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. हिरडीला त्याची गरज नाही, पण हिरडी सरकून मुळं उघडी पडली की ती फार लवकर किडतात, त्यांना आहे. सुमारे १००० पीपीएम फ्लोराइड आणि जोडीला हवी ती वनस्पती, अशी पेस्ट मिळते. 'वज्रदंती' वाचून फार हुरळू नका, ती आपल्या कुंपणावरची पिवळी कोरांटी. बकुळीच्या सालीचंही तेच: दातांसाठी जुनी ख्याती, चाचण्या मोजक्या.

घरचे उपाय करत किती दिवस थांबू?

दोन आठवडे. तेवढ्यात ब्रश नीट फिरला, फटी साफ झाल्या आणि चुळा भरल्या तर साधी सूज उतरायलाच हवी. ऑर्हूसच्या मंडळींची तर आठवड्यात उतरली होती. पंधरा दिवसांनंतरही रक्त येत असेल, तर आत कीटण आहे असं धरून चाला. दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल, दातांत नव्याने फटी पडल्या असतील किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, तर पंधरा दिवसही थांबू नका. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी या. पिशवी घेऊन आलात तरी चालेल, डबी बघून सांगतो.